विश्लेषण : नोकरीचा ताण असह्य, पदवी अर्धवट... राजीनामा द्यावा का?

दिवसभर नोकरी, रात्री अभ्यास आणि रविवारी संपर्कवर्ग. मुक्त विद्यापीठ, रात्र महाविद्यालय किंवा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या हजारो नोकरदारांचा आठवडा असाच जातो. परीक्षा जवळ आली आणि कार्यालयातला ताणही वाढला, की ‘नोकरी सोडून द्यावी का’ हा प्रश्न उभा राहतो. घरचे म्हणतात सोडू नको, मित्र म्हणतात सोडून टाक. पण या दोन उत्तरांच्या मधली वाट बहुतेक जण तपासूनच पाहत नाहीत. अभ्यासाचा वेग कमी करणे, हीच ती वाट. तिचा विचार आधी का करावा, आणि राजीनामा देणेच योग्य केव्हा ठरते?

कमवत शिकणे महाराष्ट्राला नवे आहे का?

मुळीच नाही. महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना गावोगाव रुजवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील सकाळच्या वर्गांमुळे नोकरदार मुलांना शिकता आले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शिकण्यासाठी गाव किंवा नोकरी सोडण्याची गरज आणखी कमी झाली.

या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. शिकवणाऱ्या संस्थेने कामाच्या वेळा पाहून वर्गाच्या वेळा ठरवल्या. काम संपण्याची वेळ ठाऊक असल्यामुळेच हे जमले. गिरणीचा भोंगा झाला की पाळी संपत असे. आजच्या अनेक नोकऱ्यांत पाळी संपते, पण व्हॉट्सॲपचा ग्रुप चालूच राहतो. कामाच्या वेळेनंतर फोन किंवा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. असा हक्क देणारा कायदा मात्र झालेला नाही. त्यामुळे संध्याकाळचे दोन तास अभ्यासाचे, असे ठरवणे सोपे आणि पाळणे अवघड झाले आहे.

अभ्यासाला नेमका किती वेळ लागतो?

ताणाचे मूळ अनेकदा या न केलेल्या हिशेबात असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात (इग्नू) एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास, असे धरले जाते. वाचन, स्वाध्याय, संपर्कवर्ग सारे त्यात आले. चार श्रेयांकांचे चार विषय एका सत्रात घेतले, तर १६ श्रेयांकांचे ४८० तास होतात. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला साधारण साडेअठरा तास.

आता आठवड्याचे १६८ तास घ्या. रोज सात तास झोप धरली तर ४९ तास गेले. नोकरीचे ५४ आणि लोकल, बस किंवा दुचाकीच्या प्रवासाचे १२ धरले, तर उरले ५३. स्वयंपाक, जेवण, आंघोळ, बाजारहाट यांना रोज चार तास, म्हणजे २८. शिल्लक २५ तास. त्यातून साडेअठरा तास अभ्यासाला दिले की मुलांचा गृहपाठ, आई-वडिलांचे औषधपाणी, मित्र, व्यायाम, आजारपण या सगळ्यासाठी दिवसाला एक तासही उरत नाही. असा आठवडा एखादा निभतो, सलग दोन वर्षे निभत नाही.

हेच गणित दोन विषयांवर आणले, तर अभ्यासाचे तास सव्वानऊच्या आसपास येतात आणि हाताशी जवळपास १६ तास राहतात. नोकरी तीच, वरिष्ठ तेच, तरीही जगणे वेगळे होते. म्हणून ‘नोकरी झेपत नाही’ असे वाटते तेव्हा नोकरी झेपत नाही, अभ्यास झेपत नाही की दोन्हींची बेरीज झेपत नाही, हे आधी वेगळे करून पाहावे लागते.

मग अभ्यास लांबवण्यात तोटा काय?

मुक्त आणि दूरस्थ शिक्षणात हा तोटा समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. इग्नूचे एमबीए किमान दोन आणि कमाल चार वर्षांत, तर बीए किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येते. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. एका परीक्षेला दोनच विषय दिले म्हणून कोणी नापास ठरत नाही. उशीर झाला तर काही ठिकाणी पुनर्नोंदणीचे शुल्क भरावे लागते. पण ते शुल्क आणि सहा महिन्यांचा बुडालेला पगार यांची तुलना होऊ शकत नाही.

तरीही ही वाट फारसे कोणी घेत नाही, कारण ‘वेळेत पूर्ण करणे’ हा आपल्याकडे अब्रूचा प्रश्न होतो. विशीतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याचे वेळापत्रक तिशीतल्या नोकरदाराने स्वतःवर लादून घ्यायचे आणि ते पाळता आले नाही म्हणून नोकरीवर पाणी सोडायचे, यात शहाणपण नाही. पदवीच्या कागदावर वर्ष छापलेले असते. ती किती सत्रांत मिळवली, हे मुलाखतीत सहसा कोणी विचारत नाही.

अर्थात प्रत्येक अभ्यासक्रमाला ही सवलत नाही. कायद्याची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत नाही आणि तिला बार कौन्सिलच्या हजेरीच्या नियमांची चौकट आहे. बार कौन्सिलने २०२४ च्या परिपत्रकात विधी विद्यार्थ्यांकडून नोकरीविषयीची माहिती आणि नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्रही मागितले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग हे शिक्षणही घरबसल्या होत नाही. ज्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष हजेरी किंवा प्रात्यक्षिके अनिवार्य आहेत, तिथे ‘हळू शिका’ हा सल्ला अपुरा पडतो. तिथे पाळी बदलून मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारायला हवे.

स्पर्धा परीक्षेचा प्रश्न वेगळा का?

पदवीचा अभ्यास केला, तर पदवी मिळण्याची शक्यता मोठी असते. स्पर्धा परीक्षेत तसे नसते. जागा मोजक्या, वेळापत्रक हातात नाही आणि निकालाची हमी नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर तयारीचा वेळही वाढला. ‘एमपीएससी’साठी राजीनामा देणाऱ्याने म्हणूनच किती प्रयत्न, किती महिने आणि त्यानंतर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवायला हवीत. शेवटची तारीख न ठरवता सोडलेली नोकरी अनेकदा वयाची अटच संपवते. पदवीसाठीचे गणित आणि या परीक्षांचे गणित एका तराजूत घालू नये.

ताण कशाचा आहे, हे कसे ओळखावे?

ताणाचे ढोबळ तीन प्रकार करता येतात. पहिला, कामाच्या तासांचा. दुसरा, माणसांचा : अपमान करणारे वरिष्ठ, छळ, भेदभाव. तिसरा, दुहेरी ओझ्याचा. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

तासांच्या ताणावर विभाग बदलणे, पाळी बदलणे, घराजवळची शाखा मागणे किंवा कमी पगाराची पण ठरलेल्या वेळेची दुसरी नोकरी पाहणे हे उपाय आहेत. नोकरी सोडणे आणि नोकरी बदलणे यांत फरक आहे आणि अभ्यास चालू असताना दुसरा पर्याय बहुधा अधिक सुरक्षित असतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. खासगी दुकाने-आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदांना ती तरतूद लागू नसली, तरी कंपनीचे स्वतःचे रजा नियम असतात. परीक्षेच्या महिन्यासाठी रजा राखून ठेवणे हा साधा उपाय आहे. तोही अनेकांना शेवटच्या आठवड्यात आठवतो.

माणसांच्या ताणावर रजा हे औषध नाही. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. गुपचूप राजीनामा दिला की पुरावे, साक्षीदार आणि अनेकदा धीरही मागे राहतो. इतर प्रकारच्या छळातही तारखा, संदेश, ईमेल जपून ठेवणे उपयोगी पडते. अशा ठिकाणाहून बाहेर पडणे हेच बहुधा योग्य असते. मात्र बाहेर पडताना अनुभव प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि देणी हातात घेऊन पडावे.

दुहेरी ओझ्याच्या ताणावर उपाय अभ्यासाच्या बाजूने आहे. तो वर सांगितला. नोकरी सोडल्याने हा ताण जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात कामाच्या ताणाची जागा पैशाचा ताण घेतो. आणि पैशाचा ताण असताना पुस्तक उघडणे सोपे नसते.

बायकांसाठी हा प्रश्न अधिक बिकट का?

कारण त्यांच्या आठवड्यात तिसरी पाळी असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा फरक आठवड्याला २३ तासांपेक्षा जास्त भरतो. संपूर्ण सत्राच्या चार विषयांना लागणाऱ्या वेळेहूनही तो अधिक आहे.

तरीही ताण वाढला की घरात चर्चा होते ती तिने नोकरी सोडावी की शिक्षण. घरकाम कोणी उचलावे, हा विषय यादीत येतच नाही. नवऱ्याने, सासूने किंवा मोठ्या मुलाने रोजचा एक तास उचलला, तर अनेक घरांत राजीनाम्याचा विषयच निघणार नाही. सुनेने शिकावे असे म्हणणाऱ्या घराने तिच्यासाठी शुल्क भरून थांबू नये. तिला वेळ द्यावा.

सोडायचीच असेल तर पैशांचा हिशेब कसा करावा?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कर्मचाऱ्याच्या हातात महिन्याला ३५ हजार रुपये येतात. भाडे ९ हजार, किराणा आणि जेवण ७ हजार, गावी पाठवायचे ५ हजार, दुचाकीचा हप्ता ३ हजार, प्रवास-वीज-मोबाइल ३ हजार. एकूण २७ हजार. महिन्याला ८ हजार शिल्लक पडतात आणि बँकेत दीड लाख आहेत. अंतिम परीक्षा नऊ महिन्यांवर आहे.

आज नोकरी सोडली, तर आरोग्य विम्याचा हजार रुपयांचा खर्च वाढून महिन्याचा आकडा २८ हजार होतो. परीक्षेपर्यंतचे नऊ महिने आणि त्यानंतर नोकरी शोधण्याचे तीन, असे बारा महिने धरले तर ३ लाख ३६ हजार लागतील. सत्राचे शुल्क २० हजार आणि अडीनडीसाठी ४० हजार धरून आकडा ३ लाख ९६ हजारांवर जातो. हातात दीड लाख. म्हणजे आजचा राजीनामा म्हणजे कर्ज.

तोच राजीनामा सात महिन्यांनी लागू झाला तर? दीड लाखात ५६ हजारांची भर पडून २ लाख ६ हजार होतात. शुल्क आणि अडीनडीचे ६० हजार बाजूला ठेवले तर १ लाख ४६ हजार उरतात. परीक्षेआधीचे दोन आणि नंतरचे तीन, अशा पाच महिन्यांना १ लाख ४० हजार लागतात. गणित जेमतेम बसते. नोटीस कालावधी दोन महिन्यांचा असेल, तर पत्र पाचव्या महिन्याच्या अखेरीस द्यावे लागेल. ‘सोडावी का’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘कधी सोडावी’ यात असते, ते असे. शिवाय तारीख ठरली की मधले महिने काढणे थोडे हलके होते, हा त्याचा न दिसणारा फायदा.

राजीनाम्याआधी कोणते कागद तपासावेत?

ग्रॅच्युइटी : कायम कर्मचाऱ्यासाठी सलग पाच वर्षांच्या सेवेची अट आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २० हजार असेल, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ५७ हजार ७०० रुपये होते. साडेचार वर्षांनी नोकरी सोडणारा ही रक्कम गमावू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांसाठी ही अट एक वर्षाची आहे.

भविष्य निर्वाह निधी : ही रक्कम खर्चाच्या हिशेबात धरू नये. सलग पाच वर्षे सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ईपीएफओ’च्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने बेरोजगारीत पूर्ण रक्कम काढण्यासाठीचा कालावधी दोन महिन्यांवरून १२ महिने करण्याचा निर्णय घेतला. पुढची नोकरी मिळाली की खाते त्याच यूएएनवर वर्ग करावे.

आरोग्य विमा : कंपनीचा गट विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. त्यात आई-वडिलांचाही समावेश असेल, तर नवी वैयक्तिक पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्यावी. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात वगळता संरक्षण मिळत नाही आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हेही विचारावे.

बॉण्ड : प्रशिक्षणाच्या किंवा किमान सेवेच्या करारावर सही केली असेल, तर तो पुन्हा वाचावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा पूर्ण न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. कंपनीने शिक्षणाचे शुल्क भरले असेल, तर ते परत करण्याची अट असू शकते.

हिशेब न बसताही नोकरी कधी सोडावी?

प्रकृती ढासळू लागली असेल तेव्हा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. नोकरीचे ४५ आणि अभ्यासाचे १८ तास यांची बेरीज ६३ होते. अभ्यासाला मोबदला मिळत नाही, म्हणून शरीर तो कामात धरत नाही, असे नाही.

आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, छातीत धडधड, सकाळी कार्यालयाच्या विचारानेच रडू येणे, जेवण तुटणे, जगण्यातला रस जाणे ही लक्षणे दिसली तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळे. वैद्यकीय रजा मागावी आणि सत्र सोडून द्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य समुपदेशन मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरही कामाची जागा बदलत नसेल, तर शिल्लक कमी असली तरी बाहेर पडावे. खर्च कमी करता येतो, भाड्याची खोली सोडून काही महिने गावी राहता येते, नातेवाइकांकडून उसने घेता येते. यात कमीपणा नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. राजीनामा आणि शिक्षण सोडणे हे दोन्ही निर्णय एकाच आठवड्यात घेऊ नयेत. थकलेल्या मनाला दोन्ही एकदम टाकून द्यावेसे वाटते. एक सोडल्यावर दुसरे सुसह्य होते का, हे पाहायला किमान महिना द्यावा.

मग निर्णयाचा क्रम कोणता?

आधी विषय कमी करावेत. मग घरकाम वाटून घ्यावे. त्यानंतर पाळी, विभाग किंवा नोकरी बदलण्याचा प्रयत्न करावा. एवढे करूनही भागत नसेल, तर पैशांचा हिशेब मांडून राजीनाम्याची तारीख ठरवावी. प्रकृती किंवा छळाचा प्रश्न असेल, तर हा क्रम बाजूला ठेवून थेट बाहेर पडण्याची तयारी करावी.

नोकरदाराने शिकायला घेतलेले असते ते बहुधा पुढच्या चांगल्या नोकरीसाठी, बढतीसाठी किंवा राहून गेलेली पदवी पूर्ण करण्यासाठी. यातले काहीही सहा महिने उशिरा मिळाल्याने वाया जात नाही. बुडालेली बचत भरून यायला वर्षे लागतात, आणि बिघडलेली प्रकृती कधीकधी पूर्वपदावर येतही नाही. म्हणून पुढच्या सत्राचा अर्ज भरताना चारही विषयांपुढे खूण करण्याआधी आठवड्याचे १६८ तास एकदा कागदावर मांडून पाहावेत.